सव्वातीन तास

पुंता अरेनासच्या इस्पितळात, तळमजल्याला,
रात्रपाळीत मी आणि एक कपाट.
कपाट दर दहा मिनिटांनी बाटल्यांना विचारतं,
काही वाढलं का?
मी मधूनमधून शेजारच्या खोलीत जाऊन माते पिऊन येते,
इथे प्यायला मनाई.
वारा खिडकीला गदागदा हलवतो.
त्याचं काही नाही, तो सगळ्यांनाच हलवतो.

आज एकाच माणसाच्या दोन बाटल्या.
एलेउतेरियो बारिया, वय एकाहत्तर, डायलिसिस.
एकीवर लिहिलंय : नळीतून.
दुसरीवर : हाताच्या शिरेतून.
वेळ दोन्हींवर तीच, सतरा वीस.
अक्षर यास्नाचं,
तिचा सात कमरेत कापलेला असतो.

संध्याकाळी तिनंच फोन केला होता.
"घरी त्याला काही होत नाही गं.
यंत्राला जोडलं की अर्ध्या तासात हुडहुडी.
सोमवारी म्हणाले फ्लू.
बुधवारी म्हणाले खोली गार आहे.
आज चार पांघरुणं घातली
तरी कवळी कडकड वाजत होती, शेवटी काढून ठेवली.
आणि नळीच्या तोंडाशी बघ,
ना लाली, ना पू, ना सूज.
अगदी सोज्वळ."

सोज्वळ. हा शब्द मी फळ्यावर लिहून ठेवला.

रक्त तेच, माप तेच, घटका तीच.
नळीची बाटली आधी ओरडली
आणि दुसरी दोन तासांहून मागे राहिली,
तर समजायचं, बिऱ्हाड नळीत आहे.
जिथे गर्दी, तिथला गलका आधी ऐकू येतो.
एवढंच आमचं शास्त्र.
बाकी वाट बघणं.

दोन पन्नासला कपाट ओरडलं.
नळीची.

काचेवर थेंब, ज्योतीवर काच, मग रंग.
पुस्तकात लिहितात, द्राक्षांचे घोस.
आमच्याकडे द्राक्षं बोटीतून येतात.
मला ती कालाफातेची बोरं वाटतात,
तितकीच जांभळी, तशीच एकमेकींना चिकटलेली.
ती खाल्ली की माणूस इथे परत येतोच, असं म्हणतात.
तुम्ही नका येऊ, बायांनो.

डॉक्टर ओयार्सून झोपेतून,
"औषध संध्याकाळीच सुरू केलंय. दुसरी?"
"गप्प आहे."
"बघत राहा."
जणू मी दुसरं काही करणार होते.

तीन. चार. साडेचारला माते गार.
या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही.
त्याचं रक्त ओळखते, आवाज ओळखत नाही.
हातातल्या रक्तात ती पोचलीत, हे नक्की,
फक्त किती, ते घड्याळ सांगणार.

सहा पाच.
मी बोटांवर मोजलं, मग कागदावर, मग पुन्हा बोटांवर.
सव्वातीन तास.

सकाळी नळी काढली.
यास्ना सांगत होती, म्हातारा म्हणाला, दाखवा मला.
वीतभर प्लास्टिक, टोकाला थोडं रक्त.
चाळीस वर्षं त्यानं मेंढ्या कातरल्या,
मैलोन्मैल तारा ताणल्या.
बराच वेळ बघून म्हणाला,
"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं."
आणि कवळी मागितली.

हृदयाच्या झडपा बघितल्या, स्वच्छ निघाल्या.
दोन दिवस नळीविना काढले,
पाणी तोलून, मीठ बंद,
पाय सुजून बूट होईनात.
मूत्रपिंडं थांबत नाहीत कुणासाठी.
मग नवी नळी, डाव्या बाजूला.
तिच्यावाचून चालत नाही,
तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.
हातात कायमची शीर जोडायची तारीख
जूनमधली मिळाली आहे.

औषधाचे दिवस पहिल्या डोसापासून नाही मोजत,
पहिल्या गप्प बाटलीपासून मोजतात.
ती बाटली आता माझ्याकडे आहे,
तिसरी रांग, डावीकडून चौथी.
चार रात्री झाल्या.
उद्या पाचवी सरली
की मी दोन शब्द टाईप करीन : वाढ नाही.

कपाट विचारतंय.
मी उगाचच श्वास रोखून बसते,
वारा मात्र नाही.